पाणी न घालण्याचे दिवस

डेंड्रोबियम नोबिले या ऑर्किडच्या काठीची वाढ संपली की नाही, हे तिच्या शेंड्यावरून कळतं. वाढत्या काठीच्या टोकाला पुढच्या पानाची हिरवी सुरळी असते. वाढ पुरी झाली की ती उलगडते, शेंड्याला एक शेवटचं पान पसरून बसतं आणि त्याच्यामागून नवं काही येत नाही. झाडाच्या हिवाळी विश्रांतीची माझी सुरुवात या पानापासून होते. हवेत अजून गारव्याचा पत्ता नसतो, पण झाडाने आपल्यापुरतं वर्ष संपवलेलं असतं. त्या दिवसापासून नत्राचं खत बंद.

यंदाच्या थंडीत विश्रांती घेणारी आणि न घेणारी अशी दोन्ही तऱ्हेची ऑर्किड्स माझ्याकडे पहिल्यांदाच एकत्र होती. डेंड्रोबियम नोबिले, लोंबत्या काठ्यांचं डेंड्रोबियम अफायलम, एक कॅटासेटम, एक सिलोजिनी क्रिस्टाटा, सिंबिडियम, काही फॅलेनॉप्सिस आणि एका उथळ कुंडीत जमिनीतून उगवणारं हॅबेनारिया रोडोचायला. ‘हिवाळ्यात ऑर्किडला पाणी कमी घालावं’ हे वाक्य ऑर्किड पाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. या कुंड्या ओळीने मांडून ते वाक्य एकेका झाडाला लावून पाहिलं, तर फारच थोड्या झाडांना ते नीट बसतं. कॅटासेटमला कमी पाणीदेखील जास्त होतं, आणि फॅलेनॉप्सिसला कोरडं ठेवलं तर त्याची पानं लुळी पडतात.

म्हणून पहिलं काम वाटणीचं. झाडाकडे पाणी साठवायची जागा आहे का, हा पहिला प्रश्न. फॅलेनॉप्सिस आणि व्हँडा एकाच खोडाने वर वर वाढत जातात. त्यांना ना कंद, ना जाड काठी. जो काही साठा असतो तो पानांत आणि मुळांत. अशा झाडांना लांबलचक कोरडा काळ झेपत नाही, ती वर्षभर पाणी मागतात. दुसरा प्रश्न पानांचा: थंडीत पानं गळतात की टिकतात? सिंबिडियमचे कंद चांगले टणक असतात, पण त्याची पानं वर्षानुवर्षं टिकतात, आणि तेवढी पानं वागवणाऱ्या झाडाला पूर्ण कोरडं ठेवून चालत नाही. त्याला रात्री गार हव्यात, मुळांशी मात्र थोडी ओल हवी. ज्याच्याकडे साठाही आहे आणि जे पानंही टाकतं, ते खरं विश्रांती घेणारं. माझ्याकडे या गटात दोन्ही डेंड्रोबियम, कॅटासेटम आणि हॅबेनारिया आली. सिलोजिनी मधल्या जागेवर: पानं राखते, पण थंडीत बऱ्यापैकी कोरडी राहायला तिची हरकत नसते.

एकाच डेंड्रोबियम नावाखालीसुद्धा गफलत होऊ शकते. दुकानात ‘डेंड्रोबियम’ एवढंच लिहून मिळणारं झाड पुष्कळदा उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडच्या डेंड्रोबियम बिगिबमच्या घराण्यातलं असतं. शेंड्यातून लांब दांडा काढून त्यावर ओळीने फुलणारं. ते उबेतलं झाड आहे. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलेलं त्याला सोसत नाही. नोबिलेची फुलं दांड्यावर येत नाहीत, काठीच्या पेरापेरांतून दोन-तीनच्या झुपक्यांनी येतात. थंडीत कुठल्या गटात टाकायचं हे ठरवण्याआधी झाडाचं पूर्ण नाव, निदान फुलण्याची तऱ्हा तरी माहीत असायलाच हवी.

नोबिलेचं मूळ घर हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, दक्षिण चीन आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत पसरलेलं. सिक्कीमचं हे राज्यफूल. जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३० साली त्याला आजचं नाव दिलं. त्या डोंगरांत उन्हाळी पावसाचे महिने ओलेचिंब जातात आणि नंतर आभाळ कोरडं पडतं. ज्या झाडांच्या फांद्यांवर ही ऑर्किड्स वाढतात त्यांतली बरीचशी स्वतःच पानझड करतात, त्यामुळे पावसाळ्यात सावलीत असलेलं ऑर्किड थंडीत उघड्या उजेडात येतं. पाऊस नाही, पण पहाटेचं दव आणि धुकं असतं. थंड रात्री, लख्ख उजेड, कोरडी मुळं आणि सकाळी थोडासा दमटपणा या चार गोष्टी एकदम येतात. विश्रांती म्हणजे यांतली एकच, पाणी तोडणं, असं समजून झाड अंधाऱ्या कोपऱ्यात उबेला नेऊन ठेवलं तर त्याच्या वाट्याला नुसता उपास येतो.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच्या नेमकं उलट चाललेलं होतं. ऑर्किड म्हटलं की दमट, कोंदट, सतत तापवलेलं काचघर, अशी तिथल्या बागवानांची ठाम समजूत होती. दूरदूरच्या डोंगरांवरून जहाजांनी आणलेली झाडं त्या वाफेत ढिगाने मेली. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या बागेत तिथल्या मुख्य माळ्याने, जोसेफ पॅक्स्टनने, झाडांच्या गरजेनुसार कमी-जास्त तापमान ठेवलं, हवा खेळती केली आणि चित्र बदलायला लागलं. मला या गोष्टीतली मौज अशी वाटते, की त्या काळी झाडं लाडाने मेली आणि आजही घरोघरी ती बहुतेक लाडानेच मरतात.

खत बंद केल्यावर एक काम करते. झाडांचं पाणी तोडायचं ठरलं की त्या आधीच्या काही पाण्यांच्या वेळी कुंडीतून साधं पाणी सढळ हाताने वाहू देते, तळातून भरपूर निथळेपर्यंत. उन्हाळाभर दिलेल्या खताचे क्षार नारळाच्या सालीत, कोळशात आणि झाडाच्या सालीच्या तुकड्यांत साचलेले असतात. कुंडी ओली असते तोवर ते विरळ राहतात. कोरडी पडायला लागली की मुळांभोवती तीव्र होतात आणि मुळांची टोकं करपतात. थंडीनंतर काळी पडलेली मुळं दिसली की पाणी तोडल्याला दोष दिला जातो, पण पुष्कळदा करामत या क्षारांची असते.

नत्र बंद करण्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं आहे. नोबिलेच्या काठीवर पेराला एक डोळा असतो. त्या डोळ्यातून फूल यायचं की नवं पिल्लू फुटायचं, हे आधीपासून ठरलेलं नसतं. गार रात्री, कमी पाणी आणि नत्राचा तुटवडा असेल तर डोळा फुलाकडे वळतो. ऊब, पाणी आणि नत्र मिळत राहिलं तर तिथे छोटं रोप फुटतं, ज्याला ऑर्किडवाले कीकी म्हणतात. विश्रांती हा शब्द म्हणूनच थोडा फसवा वाटतो मला. बाहेरून काहीच घडत नसल्यासारखे दिसणारे हे आठवडे झाडाच्या वर्षातले सर्वांत निर्णायक असतात. पुढच्या वसंतात काय दिसणार, ते या दिवसांत नक्की होतं.

दिवस लहान झाले तशी मी विश्रांतीवाली झाडं सर्वांत उजळ खिडकीपाशी हलवली. एकदम नाही, आधी पडद्याआडच्या उजेडात, मग सकाळच्या उन्हात. सावलीला सरावलेलं पान अचानक उन्हात आलं की त्यावर पांढरट, मग तपकिरी डाग पडतो आणि तो जन्मभर राहतो. किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर कुंड्यांच्या मध्ये, काठ्यांच्या उंचीवर टांगला. या यंत्रावर केलेला खर्च मला सर्वांत वसूल झालेला वाटतो, कारण खोलीतलं तापमान आणि काचेजवळचं रात्रीचं तापमान यांत चांगलंच अंतर निघालं. आपल्याला अंगावर जाणवतं ते खोलीचं; झाड मात्र काचेजवळ राहत असतं.

नोबिलेला रात्रीचे १० ते १३ अंश सेल्सिअस हवे असतात, आणि तेही सलग महिना-दीड महिना. एखाद-दुसऱ्या थंड रात्रीने काही होत नाही. जपानमध्ये जिरो यामामोतो यांनी नोबिलेपासून जे संकर घडवले, त्यांतल्या पुष्कळ जाती या बाबतीत जरा सोशिक आहेत, पण मूळ जात हट्टी आहे. दिवसा तापमान २० च्या पुढे गेलं तरी तिची तक्रार नसते. दिवस आणि रात्र यांत फरक पडायला हवा.

आता पाण्याविषयी. पाणी एकदम तोडत नाही. दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत नेते, आणि कुंडी आतपर्यंत कोरडी आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचं पाणी नाही. खात्रीचे माझे दोन मार्ग: कुंडी हातात उचलून वजनाचा अंदाज घेणं, आणि एक कोरडी लाकडी काडी कुंडीत खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढून गालाला लावणं. ओल असेल तर काडी गार लागते. पारदर्शक कुंडी असेल तर मुळांचा रंगच सांगतो. ऑर्किडच्या मुळावर मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं आणि पाणी शोषलं की क्षणात हिरवं होतं. हे आवरण दवाचा थेंबही टिपून घेतं, म्हणून रानातलं ऑर्किड पावसाशिवाय थंडी काढू शकतं. मी त्याची नक्कल म्हणून ऊन असलेल्या सकाळी मुळांवर आणि कुंडीच्या वरच्या थरावर हलका फवारा मारते. दुपारपर्यंत सगळं सुकलेलं असलं पाहिजे, हा नियम मी कडक पाळते. गार रात्री पानांच्या बेचक्यात थांबलेलं पाणी म्हणजे बुरशीला आमंत्रण.

पाणी कमी झालं तशी पानं पिवळी पडायला लागली. आधी नोबिलेच्या जुन्या काठ्यांची खालची पानं, मग अफायलमची जवळजवळ सगळी. हा टप्पा बघणाऱ्याच्या मनाला सर्वांत कठीण जातो. आमची आत्या काही दिवस राहायला आली होती. तिने अफायलमच्या टोपलीकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हे गेलं. नुसत्या काड्या राहिल्यात. टाकून दे की.”

“आत्या, ते असंच असतं थंडीत. काड्यांना हात लावून बघ, टणक आहेत.”

तिने हात लावला, पण पटलं नाही. दोन दिवसांनी टोपलीखाली पाण्याचे थेंब दिसले. विचारल्यावर म्हणाली, “बघवेना मला. घोटभर घातलं.” त्या घोटभर पाण्याने काही बिघडलं नाही; हवा कोरडी होती, मुळं संध्याकाळपर्यंत पुन्हा चंदेरी झाली. पण दुसऱ्या सकाळी मी विश्रांतीवाल्या कुंड्यांना लाल दोरा बांधला आणि घरात सगळ्यांना सांगितलं की लाल दोरा म्हणजे हात लावायचा नाही. ही युक्ती इतकी कामाला आली की ती आता कायमची.

काड्या टणक आहेत की नाही, हीच खरी तपासणी. विश्रांतीतल्या झाडाच्या काठ्या आणि कंद हळूहळू सुरकुततात, आणि किती सुरकुत्या चालतात हे समजणं हे या सगळ्या कामातलं कौशल्य आहे. मी जुने आणि नवे कंद वेगळे वाचायला शिकले. जुन्या, मागच्या वर्षांच्या काठ्यांवर उभ्या रेघा पडल्या तर त्याकडे मी लक्ष देत नाही; झाड आपला जुना साठा आधी वापरतं. यंदाची, सर्वांत तरुण काठी मात्र भरलेली राहायला हवी. तिच्यावर बारीक रेघा आल्या तर ठीक. रेघांच्या खोल पन्हाळी झाल्या, बोटांनी दाबल्यावर काठी दबू लागली, तर कुंडीला अगदी थोडं पाणी द्यायचं आणि परत थांबायचं. सिलोजिनी क्रिस्टाटाच्या बाबतीत तर सुरकुत्या पडणं हा तिचा स्वभावच आहे. तिचे पिवळसर हिरवे गोल कंद थंडीत खजुरासारखे दिसायला लागतात आणि फुलं झाल्यावर, पाणी सुरू झालं की पुन्हा फुगतात.

एक धोका मात्र सुरकुत्यांवरून ओळखू येत नाही. मुळं कुजलेली असली तरी काठ्या सुरकुततात, कारण भोवती पाणी असूनही ते वर चढत नाही. अशा वेळी पाणी वाढवलं तर कुज वाढते. सुरकुतलेल्या झाडाची कुंडी ओली असेल तर दोष तहानेचा नाही, मुळांचा. थंडीआधीच मुळं पाहून ठेवलेली बरी, म्हणजे ऐन थंडीत झाड उपटून बघायची वेळ येत नाही.

कॅटासेटमचं तंत्र आणखी टोकाचं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे झाड उन्हाळ्यात खादाड असतं. त्याची रुंद, पातळ, चुण्यांची पानं भराभर वाढतात आणि कंद काही महिन्यांत गलेलठ्ठ होतो. नंतर पानं एकेक करून पिवळी पडतात. निम्मी पिवळी झाली तेव्हा मी पाणी निम्म्यावर आणलं, आणि बहुतेक सगळी गळाली तेव्हा पूर्ण बंद केलं. उरला तो उघडा कंद, त्यावर गळालेल्या पानांच्या देठांचे काटे. हे काटे खरोखर टोचतात, कुंडी हलवताना बेसावध राहू नये. त्याला नोबिलेइतकी गार रात्र नको असते, म्हणून ते खिडकीपासून आत, पुस्तकांच्या फळीवर ठेवलं. फवाराही नाही. आठवडेच्या आठवडे ते तिथे बसून होतं आणि माझं त्याच्याकडे काही काम नव्हतं.

हॅबेनारियाचं तर दिसण्यासारखंही काही उरलं नाही. फुलं झाल्यावर पानं आणि दांडा वाळून गेला. जमिनीखाली त्याची गाठ असते. दर वर्षी जुनी गाठ आटते आणि तिच्या जागी नवी धरलेली असते. वाळलेला दांडा मी ओढून काढला नाही, कारण तो ओढताना नवी गाठ हलू शकते. कुंडीवर नाव आणि लाल दोरा, आणि कुंडी कॅटासेटमच्या शेजारी. नाव लिहिणं गरजेचं, नाहीतर वसंतात रिकामी कुंडी समजून कुणीतरी तिच्यात मिरची लावतं.

या काळात रोजची देखभाल विश्रांती न घेणाऱ्या गटाचीच जास्त होती. फॅलेनॉप्सिसला पाणी नेहमीसारखं, फक्त कुंडी उशिरा सुकते म्हणून अंतर थोडं वाढलेलं. त्यांना फुलाचा दांडा काढायला थोडा गारवा लागतो, म्हणजे काही आठवडे दिवसाचं तापमान २५ च्या आसपास किंवा त्याखाली आणि रात्री त्याहून थंड. पण १५ च्या खाली नको. पानं काचेला टेकू देत नाही. पाणी सकाळी, खोलीच्या तापमानाचं, आणि मधल्या बेचक्यात गेलं तर कागदाच्या टोकाने टिपून घ्यायचं. सिंबिडियम गार जागी, किंचित ओलसर. त्याचे फुलांचे दांडे थंडीआधीच कंदाच्या बुडाशी आलेले होते. नव्या पानांच्या कोंबापेक्षा ते गोलसर आणि भरीव लागतात, चिमटीत धरल्यावर कळतं.

कोरडी हवा म्हटली की कीड आलीच. पाणी न घातलेल्या झाडाकडे आपलं लक्ष जात नाही, आणि किडीला तेच हवं असतं. नोबिलेच्या जुन्या काठ्यांवर कागदासारखं पांढरं वेष्टण असतं; ते सुकलं की त्याच्या आत पिठ्या ढेकूण आणि खवले कीड मजेत राहतात. मी ती सुटलेली वेष्टणं ओढून काढते, पण चिकटलेली ओढत नाही, कारण त्याखालचा डोळा दुखावतो. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पेर पुसून काढणं कंटाळवाणं आहे, पण औषध मारण्यापेक्षा मला ते पसंत. सिंबिडियमच्या पानांच्या खालच्या बाजूला रुपेरी ठिपक्यांची जाळी दिसली ती लाल कोळ्यांची. त्यांना ओल सोसत नाही. पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने वरचेवर पुसली आणि ते आटोक्यात आले.

एक सल्ला मला पुष्कळांनी दिला होता: पानं झडलेल्या काठ्या कापून टाका, झाड नीटनेटकं दिसतं. हा मी ऐकला नाही आणि ऐकू नये असंच सांगेन. नोबिले प्रामुख्याने गेल्या हंगामात वाढ पुरी केलेल्या काठ्यांवर फुलतं, त्यांच्यावर पान असो वा नसो. जुन्या काठीच्या न फुललेल्या पेरांवर नंतरही फुलं येऊ शकतात. आणि फुलली नाही तरी ती काठी नव्या कोंबाचं साठवणीचं कोठार असते. पूर्ण वाळून पोकळ झालेली काठीच कापायची.

मग एके दिवशी पेरांवर बारीक फुगवटे दिसले. इथून पुढे मी रोज भिंग घेऊन बघायला लागले. पहिले काही दिवस फूल की पिल्लू, काहीच सांगता येत नाही. नंतर फरक पडतो. फुलाचा फुगवटा बोथट, गोल, आणि लवकरच दोन-तीन भागांत विभागलेला दिसतो. पिल्लाचा कोंब एकटा, टोकदार, हिरवा, आणि थोड्याच दिवसांत त्याला पान आणि बुडाशी मुळांचे ठिपके. खिडकीकडच्या बाजूच्या काठ्यांवर फुगवटे गोल निघाले. खोलीच्या बाजूच्या एका काठीवर वरच्या पेराला टोकदार कोंब आला. एकाच झाडाच्या दोन बाजूंमध्ये उजेडाचा आणि गारव्याचा एवढा फरक पडत असेल असं मी पुस्तकी ज्ञानावरून मानलं नसतं. कुंडी फिरवावी का, हा मोह झाला. पण कळ्या धरल्यावर झाडाची दिशा बदलली की फुलं वाकडीतिकडी वळतात, म्हणून तशीच राहू दिली.

कळ्या स्पष्ट दिसल्यावर थोडं थोडं पाणी सुरू केलं. फुगवटा दिसताक्षणी नाही. कळीचा आकार ओळखू यायच्या आत पाणी आणि ऊब मिळाली तर डोळा अजूनही पिल्लाकडे वळू शकतो, हे मी ऐकून होते आणि प्रयोग करून बघायची हिंमत नव्हती. खत अजूनही नाही. तापमान एकदम वाढू नये एवढं सांभाळलं, कारण या टप्प्यावर गरम हवेच्या झोताने कळ्या पिवळ्या पडून गळतात. पुढच्या काही आठवड्यांत पेरापेरांवर जांभळट गुलाबी फुलं, मध्यभागी गडद किरमिजी गळा. अफायलमचं त्याहून निराळं: एक पान नाही, लोंबणाऱ्या उघड्या काड्या आणि त्यांवर फिकट गुलाबी पाकळ्या, मलईच्या रंगाची झालरदार जीभ. आत्याला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: “मी पाणी घातलं होतं म्हणून.”

फुलं ओसरली की नोबिलेच्या बुडाशी नवे कोंब येतात. कुंडी बदलायची ती त्या कोंबांना स्वतःची मुळं सुटायला लागतील तेव्हा, विश्रांतीत मुळीच नाही. टोकदार कोंबाचं पिल्लू मी काठीवरच वाढू दिलं. त्याची मुळं बोटभर झाल्यावर ते अलग करून छोट्या कुंडीत लावलं.

सगळ्यात जास्त कस लागला तो कॅटासेटमच्या जागं होण्यात. कंदाच्या बुडाशी हिरवा कोंब दिसला की हात पाण्याकडे जातोच. पण त्याची जुनी मुळं बहुतेक मेलेली असतात, नवी अजून आलेली नसतात, त्यामुळे घातलेलं पाणी प्यायला कुणी नसतं. ते कोंबाच्या सुरळीत आणि बुडाशी साचतं आणि कोंब कुजतो. नवा कोंब तोवर जुन्या कंदातलं पाणी ओढत असतो. म्हणूनच तर तो कंद उन्हाळ्यात एवढा भरलेला असतो. कोंब दिसल्यावर मी कुंडी बदलली, जुनी मेलेली मुळं कापली, नवा कोरडा मॉस (शेवाळ) आणि सालीचे तुकडे भरले, आणि पुन्हा वाट पाहिली. कोंब वीतभराच्या जवळ आला, मुळं पारदर्शक कुंडीच्या भिंतीला लागून बोटभर खाली उतरलेली दिसली, जुना कंद मात्र खोल सुरकुतला होता. तेव्हा पहिलं पाणी दिलं, कुंडीच्या कडेकडेने, कोंबापासून दूर. काही दिवसांनी भरपूर पाणी आणि त्यासोबत नत्रासकट खत, कारण इथून पुढे त्याची भूक अफाट असते आणि पुढच्या थंडीचा साठा त्याला या मोजक्या महिन्यांतच करायचा असतो. कॅटासेटमचा लाल दोरा सोडला. हॅबेनारियाच्या कुंडीवरचा अजून तसाच आहे, मातीतून टोक वर आल्याशिवाय तो सुटणार नाही.